गोळी रोज तीच, ताट मात्र रोज वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५८ वर्षांची, लातूर जिल्ह्यात गावी एकटी राहते, शेतमजुरी करते. नऊ वर्षांपासून डायबेटिस. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. उपाशीपोटी शुगर २१० आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ९.८ आलं म्हणून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड १ ची २ मिलिग्रॅम केली. पंधरा दिवसांत, सोयाबीन काढताना सकाळी अकराच्या सुमाराला ती रानात पडली. शुगर निघाली ४८. डॉक्टर म्हणतात पथ्य पाळत नाही. आई म्हणते, मी गोड तोंडालाही लावत नाही. मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो विचारतोय: एकाच माणसाची शुगर वाढलेलीही आणि उतरलेलीही कशी? इन्सुलिन सुरू करावं का? आणि एक डाएट चार्ट द्याल का?

आधी ४८ चं बोलू. २१० ला वेळ आहे, ४८ ला नाही. वाढलेली शुगर डोळे, किडनी, पाय वर्षानुवर्षं पोखरते. उतरलेली शुगर एका दुपारीत माणूस नेऊ शकते, आणि आई रानात एकटीच असेल तर कुणाला कळायचंही नाही. म्हणून पुढचं सगळं वाचायच्या आधी एवढं करा: याच आठवड्यात गोळी देणाऱ्या डॉक्टरांना हा ४८ चा आकडा सांगा आणि वाढवलेला डोस ठेवायचा का ते विचारा. 'चक्कर आली होती' एवढंच सांगितलंत तर ते रक्तदाब बघतील आणि अशक्तपणाचं टॉनिक लिहून देतील. आकडा सांगा, वेळ सांगा, सकाळपासून पोटात काय होतं ते सांगा.

आता ते पोटाचं. आज संध्याकाळी आईला फोन कराल तेव्हा 'जेवलीस का?' विचारू नका. त्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, 'हो, जेवले.' मी बाह्यरुग्ण विभागात दहा-बारा वर्षं हाच प्रश्न विचारत होते आणि दहा-बारा वर्षं 'हो' ऐकत होते. एका आशाताईनं मला शिकवलं. ती म्हणाली, मॅडम, जेवण नका विचारू, चूल विचारा. तेव्हापासून मी विचारते: काल रात्री काय केलं होतं? सकाळी कामाला निघताना काय खाऊन गेलात? डब्यात पीठ किती दिवसांचं आहे? गेल्या महिन्यात 'आता राहू दे, सकाळी बघू' म्हणून कधी झोपलात का? शेवटच्या प्रश्नाला बायका हसतात. ते हसणं म्हणजेच उत्तर असतं.

एकट्या राहणाऱ्या बाईचं आणखी एक असतं: 'एकटीसाठी कुठं चूल पेटवायची.' घरात पीठ असूनही रात्र चहा-बटरवर निघते. आणि उपवास. मी उपवासाच्या विरोधात नाही, पण महिन्याच्या एकादशी-चतुर्थीला सोमवार, गुरुवार आणि शनिवार जोडले गेले की मी जरा थांबते. काही घरांत उपवास ही उपासमारीची अब्रूदार बाजू असते. पोरांना पुरावं म्हणून आई उपवास धरते आणि कुणाला काही सांगावं लागत नाही.

तुमच्या आईच्या दिवसाचा मी अंदाज बांधते. चुकला तर सोडून द्या, पण शेकडो बायकांचा हाच दिवस मी ऐकलाय. पहाटे पाचला उठणं. मिश्री लावणं, ती भूक मारते. साखरेचा चहा. चहासोबत गोळी, कारण 'जेवणाआधी घ्या' असं सांगितलेलं आणि जेवण कधी ते कुणी विचारलेलं नाही. साडेसातला रानात. डब्यात भाकरी असते, पण मुकादमाच्या हिशेबात सुट्टी एकला. म्हणजे पाचला पोटात गेलेली गोळी आठ तास अन्नाची वाट बघते.

ग्लिमेपिराइडला वाट बघता येत नाही. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. एकदा घेतली की दिवसभर तिचं काम चालू. वरून विळा घेऊन तीन-चार तास वाकून काढणी केली की स्नायू रक्तातली साखर वेगळी ओढून घेतात. इन्सुलिन आणि कष्ट दोन्ही साखर खाली ढकलतात, आणि वर आणायला पोटात काही नाही. अकरा वाजता ४८ होणं हा हिशेबाचा भाग आहे, अपघात नव्हे.

मग सकाळची २१० कुठून आली? शुगर खाली गेली की शरीर घाबरतं. अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन सुटतात आणि यकृत आपली साठवलेली साखर रक्तात ओततं. दिवसभराचा उपाशी माणूस रात्री नऊला ताटावर बसतो तेव्हा बेतानं जेवत नाही, आणि त्याला तसं जेवायला सांगणं हा पोट भरलेल्या माणसाचा सल्ला आहे. रेशनचा तांदूळ असतो, पातळ आमटी असते, परातभर भात होतो. जेवून लगेच झोप. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं की २१०. प्राथमिक आरोग्य केंद्रात जो आकडा नोंदला जातो तो या रात्रीचा असतो. अकरा वाजताचा आकडा कुणाच्याच वहीत नसतो. डॉक्टर २१० बघून गोळी वाढवतात, वाढवलेली गोळी अकराची शुगर आणखी खाली नेते, खाली गेल्यावर भूक आणखी खवळते, रात्रीचा भात आणखी वाढतो. तुमचा प्रश्न 'दोन्ही कसं' असा होता. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत.

यात डॉक्टरांना फार दोष देऊ नका, कारण मीही हेच केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात भांडी घासायला जाणारी एक बाई माझ्याकडे यायची. दर वेळी अडीचशे-पावणेतीनशे. मी दर वेळी गोळी वाढवली आणि दर वेळी पथ्यावर भाषण दिलं. एकदा तिला रात्री बेशुद्ध आणलं. घरचे म्हणत होते अंगात आलंय, आधी देवळात नेलं होतं. शुगर ३१. शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, 'बाई, ती गोळी घेतली की भूक लागते हो फार. म्हणून मी महिनाअखेरीला गोळी बंद ठेवते. या वेळी तुम्ही रागावलात म्हणून घेतली.' घरात अन्न नसेल तेव्हा भूक वाढवणारी गोळी बंद ठेवणं हा त्या बाईचा शहाणपणा होता. मी कागदावर लिहिलं होतं: औषध नियमित घेत नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टर हिलरी सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या २००० ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गरीब वस्त्यांतल्या लोकांमध्ये शुगर उतरून दाखल होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. चांगल्या उत्पन्नाच्या लोकांमध्ये असा चढउतार दिसला नाही. तिथे सरकारी अन्नमदत आणि पगार महिन्याच्या सुरुवातीला येतात आणि महिना सरता सरता संपतात.

आपल्या गावाचं घड्याळ थोडं वेगळं चालतं. मजुरी आठवड्याची आणि खरेदी बाजाराच्या दिवशी, म्हणून माझ्या अनुभवात उतरलेली शुगर बाजाराच्या आदल्या दोन दिवसांत जास्त दिसते. शिवाय वर्षाचं घड्याळ वेगळं. पेरणी झाल्यावर आषाढ-श्रावणात काम कमी, पैसा बियाणं-खतात गेलेला, घरातलं धान्य तळाला. उन्हाळ्यात तर मजुरीच नसते. काढणीच्या दिवसांत उलटं: पैसा येतो, पण जेवायला वेळ नसतो आणि कष्ट दुप्पट. तुमची आई पडली ती सोयाबीनच्या काढणीत, हे मला जराही आश्चर्याचं वाटलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या टोळ्यांत हेच आणखी तीव्र असतं. पहाटे तीनला फडात जाणाऱ्या बाईला 'सकाळी आठला नाश्त्यानंतर' असं लिहून दिलेल्या चिठ्ठीचा काय उपयोग?

मुलं मला सांगतात, 'रेशन मिळतं की, उपाशी कसली?' मिळतं, आणि ते नसतं तर हाल फार वाईट झाले असते. पण हिशेब करून बघा. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो. दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य, म्हणजे पावणेसहाशेच्या आत उष्मांक. शेतात राबणाऱ्या बाईच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. अंत्योदय कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कार्डामागे ३५ किलो. आणि मराठवाड्यातल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना तर २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये ठरले होते. त्यात महिन्याला किती किलो ज्वारी येते ते तुम्हीच दुकानात विचारा. तेव्हा आईचं कार्ड कुठलं, नाव चालू आहे की आधारच्या पडताळणीत अडकलंय, हे तुम्ही मुलगा म्हणून आधी बघा. माझ्या मते एचबीएवनसीपेक्षा ती तपासणी आधीची.

शिवाय रेशनमध्ये येतं ते तांदूळ आणि गहू. डाळ, तेल, भाजी, अंडं विकत आणावं लागतं, आणि पैसा आटला की पहिली डाळ पातळ होते, मग भाजी जाते. ताटात राहतो भात आणि तिखट. पोट भरतं आणि शुगर चढते. म्हणून गरिबीतला डायबेटिस बाहेरून उलटाच दिसतो: खायला कमी, तरी शुगर जास्त. लोकांना वाटतं, शुगर जास्त म्हणजे खाणं जास्त.

औषधांकडे येते. इथे मी तुम्हाला डोस सांगणार नाही, तो डॉक्टरांनी ठरवायचा. पण काय विचारायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे आईची गोळी जेवणाला बांधा, घड्याळाला नको. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्यांचा नियम एकच: ताट पुढ्यात आल्यावर गोळी. ताट नाही तर त्या वेळची गोळी नाही. हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या, म्हणजे आईला ती चोरी वाटणार नाही. ग्लिबेनक्लामाइड, जी डाओनिल म्हणून जुने लोक ओळखतात, साठीच्या पुढच्यांना शक्यतो देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधयादीतही नमूद आहे, कारण तिची शुगर उतरवण्याची खोड फार लांबते. एकत्र गोळीची अडचण अशी की ग्लिमेपिराइड टाळायचं तर मेटफॉर्मिनही टळतं. मेटफॉर्मिन एकटं शुगर सहसा धोकादायक उतरवत नाही. म्हणून दोन्ही सुटी मागा. दिसायला एक गोळी जास्त, पण हातात ताबा येतो.

दुसरं, ग्लिमेपिराइडशिवाय भागेल का, हे विचारा. सिटाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिनसारख्या गोळ्या जेवण चुकलं तरी शुगर क्वचितच उतरवतात. पूर्वी त्या महाग होत्या. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि किंमत खूप खाली आली, जनऔषधी दुकानात मिळते. डापाग्लिफ्लोझिनही २०२० नंतर स्वस्त झालं, पण माझ्या हाताखालच्या उपाशी राहणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या बाईला ते देताना मी दहा वेळा विचार करते. त्यानं लघवीवाटे पाणी जातं, आणि पोटात अन्न नसताना शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. उलट्या-जुलाब असतील, खाणं-पिणं बंद असेल तेव्हा ते थांबवायचं असतं.

डोस बदलण्याआधी किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, करून घ्या. किडनी मंदावली असेल तर ग्लिमेपिराइड अंगात जास्त वेळ रेंगाळते, आणि मेटफॉर्मिनचा डोसही बदलावा लागतो.

इन्सुलिनचं उत्तर सरळ नाही. ९.८ ला पुष्कळ डॉक्टर ते सुचवतील आणि त्यात चूक नाही. पण कुठलं, हे महत्त्वाचं. सरकारी दवाखान्यात बहुधा मिळतं ते ३०-७० चं मिश्र इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. ते घेतल्यावर अर्ध्या तासानं जेवण हवंच. जिच्या जेवणाचा भरवसा नाही तिला दिवसातून दोनदा असं बांधून घालणं म्हणजे ४८ ला पुन्हा बोलावणं. इन्सुलिन लागलंच तर दिवसातून एकदाचं, कमी डोसचं, हळू चालणारं आधी शक्य आहे का, ते विचारा. त्यातही रात्री न जेवता झोपली तर पहाटे शुगर उतरू शकते, हे आईला माहीत हवं. सरकारी बाटली ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटची केशरी टोपणाची सिरिंज घेतली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. हा घोळ मी स्वतः दोनदा पाहिलाय. फ्रिज नसेल तर माठ चालतो: बाटली कोरड्या डबीत घालून, डबी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात. एक सूचना ठळकपणे, कारण हे दुसरंही कुणी वाचेल. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या, म्हणजे टाइप १ च्या रुग्णानं जेवण नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. वरचे नियम त्याला लागू नाहीत.

एचबीएवनसीवर एक शब्द. तो तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा. ३०० आणि ५० ची सरासरी १७५, आणि १७५ बघून कुणी घाबरत नाही. शिवाय रक्त कमी असेल तर तो फसवतो. लोहाच्या कमतरतेनं तो असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा आईचं हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय ९.८ वर मी निकाल देणार नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांत हा आकडा बहुधा उलटा, खोटा कमी येतो, पण ते लातूरचं दुखणं नाही. आईसाठी मी ६.५ चा हट्ट धरणार नाही. शुगर न उतरता आठच्या आसपास आली तरी मला चालेल.

त्यापेक्षा चार पट्ट्या खर्च करा. ग्लुकोमीटरची पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते, रोज तपासणं परवडायचं नाही. एका आठवड्यात चारच वेळा, पण नेमक्या वेळी: एकदा रानात डबा उघडण्याच्या आधी, एकदा रात्रीच्या जेवणाआधी, एकदा मध्यरात्रीनंतर दोन-तीनला, एकदा सकाळी. प्रत्येक आकड्यापुढे त्याआधी काय आणि कधी खाल्लं ते एका ओळीत. आईला लिहिता येत नसेल तर फोनवर तुम्ही लिहून घ्या. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवलात की 'पथ्य पाळत नाही' हे वाक्य पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

आणि तपासणीच्या दिवशी गोळी घेऊन घरातून निघायचं नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून माणसं पहाटे निघतात, सवयीनं गोळी घेतात, एसटी उशिरा येते, रांग लांब असते आणि बारा वाजता आमच्याच वऱ्हांड्यात घाम फुटून बसतात. रक्त देऊन, खाऊन, मग गोळी.

डाएट चार्ट. ओट्स, सफरचंद, बदाम असलेला छापील कागद मी देणार नाही, तो भिंतीवर पिवळा पडतो. तुमच्या आईच्या ताटात मी तीनच बदल करेन. एक, रात्रीची भाकरी सकाळी आणायची. कामाला निघण्याआधी अर्धी-एक भाकरी, शिळी असली तरी बिघडत नाही, सोबत शेंगदाण्याची चटणी किंवा ताक, आणि त्याच्यासोबत गोळी. दहाच्या सुमाराला बांधावर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. त्यासाठी मुकादमाला सांगावं लागलं तर सांगायचं. दोन, रात्रीचा भात परातीतून नाही, वाटीनं घ्यायचा, आणि आमटी घट्ट. मटकी, हुलगे, चवळी, सोया वडी, जे स्वस्त असेल ते. आठवड्यातून तीन-चार अंडी, खात असेल तर सुकट. बांधावरचा तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला फुकट आहे. ज्वारी मिळाली तर उत्तम, पण आता ती गव्हापेक्षा महाग झालीय, म्हणून 'ज्वारीच खा' असं मी कुणाला फर्मावत नाही. गव्हाच्या पिठात थोडं हरभऱ्याचं पीठ घालून पोळी केली तरी चालते.

तिसरा बदल चहाचा, आणि तो सगळ्यात अवघड. दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास. ती 'गोड खात नाही' म्हणते ते खरं आहे, चहा हे आपल्याकडे गोडात धरत नाहीत. पण चहा ही गरिबाची भुकेची गोळी आहे. साखर काढलीत आणि जागी काही ठेवलं नाहीत तर तिला दुपारी पुन्हा चक्कर येईल. आधी फुटाणे सुरू करा, मग साखर एकेक चमच्यानं कमी करा.

शुगर उतरल्यावर काय करायचं ते आईलाच नव्हे, तिच्यासोबत कामाला जाणाऱ्या दोघींना शिकवा. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडणं, काहीबाही बोलणं. यातलं काही दिसलं की तपासत बसायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. मग भाकरी. पदराच्या गाठीला साखरेची पुडी कायम हवी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर झोपवून १०८ ला फोन. आणि या जातीच्या गोळीनं उतरलेली शुगर साखर प्यायल्यावर चढते आणि काही तासांनी पुन्हा उतरते. बरं वाटलं म्हणून घरी नेऊन झोपवू नका, दवाखान्यात दाखवा. माझ्याकडे सकाळी 'उठेचनात' म्हणून आणलेल्यांपैकी काही आदल्या दुपारी साखर पिऊन बऱ्या झालेल्या होत्या.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. महिन्याला जे पाठवता ते एक तारखेला एकदम पाठवू नका. दोन-तीन भाग करा आणि बाजाराच्या आदल्या दिवशी जमा होतील असे पाठवा. त्याहून बरं म्हणजे गावातल्या किराणा दुकानदाराशी बोलून डाळ, शेंगदाणे आणि अंडी दर आठवड्याला घरी जातील असं करा. रोख पैसा आई स्वतःवर खर्च करणार नाही, नातवाच्या वाढदिवसाला ठेवेल. लाडकी बहीणचे दीड हजार येत असतील तर त्यातले किती ताटात येतात, तेही हळूच विचारा.

अन्न पुरवलं की एचबीएवनसी झरझर उतरेल, असं मात्र समजू नका. अमेरिकेत एका चाचणीत रुग्णांना आठवड्याला दहा जेवणांपुरतं सकस अन्न आणि आहारतज्ज्ञांची मदत दिली. सहा महिन्यांत त्यांचं एचबीएवनसी दीडनं उतरलं, आणि ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांचंही १.३ नं उतरलं. फरक नगण्य. काही लोक यावरून म्हणतात की अन्न देऊन उपयोग नाही. मला ते पटत नाही. सरासरीच्या आकड्यात रानात पडणं मोजलं जात नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: आईचं वजन. लुगडं-पोलकं सैल झालंय का, गेल्या वर्षात वजन उतरलंय का? उतरलं असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात फुकट होते. डायबेटिसमध्ये क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. (क्षयाच्या रुग्णाला आता सरकार पोषणासाठी महिन्याला हजार रुपये देतं. नुसत्या डायबेटिसवाल्या उपाशी बाईसाठी अशी ओळ कुठल्याच अर्जात नाही, हे मला दर वेळी खुपतं.) आणि आई पूर्वीपासूनच अगदी किडकिडीत, लहानपण दुष्काळात गेलेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. कुपोषणातून येणारा डायबेटिस वेगळा असतो असं वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवलं, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस महासंघानं त्याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. त्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवण्यातच तोकडं असतं. अशा माणसाला 'वजन कमी करा, अर्धपोटी राहा' हा सल्ला घातक ठरतो.

वजन, उंची, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि ते चार पट्ट्यांचे आकडे कळवा. इन्सुलिनबद्दल त्यानंतर नेमकं सांगता येईल. तोवर गोळी ताटासोबत, आणि पदराला साखरेची पुडी.